भावाला टायफॉइड, कल्चरमध्ये औषध S आलंय तरी तिसऱ्या दिवशी ताप 102. पुण्याला हलवू का?

बाळीवेशीतला | बुधवार, रात्री 11:20

नमस्कार मंडळी. हॉस्पिटलच्या जिन्यात बसून मोबाईलवर टाइप करतोय, चुका पोटात घाला.

धाकटा भाऊ, वय 24, अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. मागच्या मंगळवारपासून ताप. दोन दिवस पॅरासिटामॉलवर काढले. तिसऱ्या दिवशी गल्लीतल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विडाल (टायफॉइडसाठीची रक्ताची टेस्ट) केली, 1:160 आली. "टायफॉइड आहे" म्हणून एक सलाईन, दोन सुया आणि सेफिक्सिम-ओफ्लॉक्सासिनच्या गोळ्या दिल्या. पाचव्या दिवशीही ताप जसाच्या तसा, आणि पेशी (प्लेटलेट) 92,000. शेजारच्या पोराला नुकताच डेंगू होऊन गेलाय, त्यामुळे अख्खी गल्ली म्हणाली डेंगूच. डेंगूची एनएस1 टेस्ट केली, निगेटिव्ह. सातव्या दिवशी, म्हणजे सोमवारी, दुसरीकडे अ‍ॅडमिट केलं. तिथल्या मॅडमनी आल्या आल्या दोन्ही हातांतून रक्त काढून दोन बाटल्या भरून घेतल्या आणि मग सेफ्ट्रायाक्सोन सुरू केलं.

आज संध्याकाळी कल्चर (त्या बाटल्यांतल्या रक्तात जंतू वाढतो का ते बघायची टेस्ट) आलं. साल्मोनेला टायफी. खाली औषधांची यादी: सिप्रोफ्लॉक्सासिनपुढे R, सेफ्ट्रायाक्सोन S, अझिथ्रोमायसिन S, क्लोरॅम्फेनिकॉल S. S म्हणजे लागू पडतं, R म्हणजे नाही, एवढं नर्सताईंनी सांगितलं. मग ताप का उतरत नाही? आत्ता 102.4 आहे. आई सकाळपासून एकच म्हणतीये, पुण्याला न्या. मामांनी ॲम्ब्युलन्स पण ठरवून ठेवलीये. उद्या सकाळपर्यंत काय ते ठरवायचंय.

शेंगाचटणी | बुधवार, रात्री 11:34

दादा, आधी पाणी प्या आणि दोन घास खा. पेशंटबरोबर राहणाऱ्याचं पोट रिकामं असलं की सगळंच भयंकर वाटतं, स्वतःवरून सांगतेय. माझ्या लेकीला डेंगू झाला तेव्हा पपईच्या पानांचा रस दिला होता, पेशी वाढल्या. ड्रॅगन फ्रूट पण द्या, सांगोल्याचं चांगलं मिळतं.

पुण्यात_अडकलेला | बुधवार, रात्री 11:41

भाऊ, विचार कसला करतोस? सोलापुरात काय ठेवलंय? सरळ पुणे गाठ. तीन दिवस इंजेक्शन देऊन ताप उतरत नाही म्हणजे औषध चुकलंय.

स्टेथो | गुरुवार, रात्री 12:15

मी फिजिशियन आहे, सोलापुरातच. पेशंट बघितलेला नाही, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या मॅडमचा. पण तुमच्या रिपोर्टवरून जे दिसतं ते सांगतो.

औषध चुकलेलं नाही. टायफॉइडचा जंतू रक्तात मोकळा फिरतोय असं थोडा वेळच असतं. तो आपल्याच पांढऱ्या पेशींच्या आत, यकृतात, प्लीहेत, हाडांच्या मगजात दडून बसतो. सेफ्ट्रायाक्सोन रक्तात भरपूर असतं, पेशीच्या आत कमी शिरतं. म्हणून जंतूला ते पूर्ण लागू असलं तरी ताप उतरायला साधारण पाच-सहा दिवस लागतात. तिसऱ्या दिवशी 102 असणं ही टायफॉइडची रीतच आहे. इथेच घरचे धीर सोडतात, डॉक्टर बदलतात, नवा डॉक्टर नवं औषध लावतो. तोवर पाचवा-सहावा दिवस उजाडतो, ताप आपसूक उतरतो आणि श्रेय नव्या औषधाला.

तापाचा तक्ता मागून घ्या. रोजचा सर्वांत जास्त आकडा लिहा, सोमवारचा, मंगळवारचा, आजचा. हे शिखर रोज अर्धा-पाऊण डिग्रीने खाली येतंय का आणि दोन तापांमधलं अंतर वाढतंय का, एवढंच बघा. भाऊ कसा आहे? बोलतो का, लघवी होते का, पोट मऊ आहे का? ही उत्तरं ठीक असतील तर 250 किलोमीटर ॲम्ब्युलन्समधून हेलकावे खायला लावण्यात हशील नाही.

पेशींचं म्हणाल तर टायफॉइडमध्येही त्या कमी होतात. 92,000 ला काही करायचं नसतं. डेंगूतसुद्धा रक्तस्राव नसेल तर 10,000 च्या खाली जाईपर्यंत पेशींची पिशवी लावायची सहसा गरज पडत नाही. पपईच्या रसावर वाद घालत नाही, पण उलट्या होणाऱ्या पेशंटला तो कडू रस पाजून आणखी उलट्या करवू नका, प्लीज.

बाळीवेशीतला | गुरुवार, रात्री 12:31

तक्ता बघून आलो. सोमवारी 104.1, मंगळवारी 103.4, आज 102.4. डॉक्टरसाहेब, हे असं ओळीने कुणी दाखवलंच नव्हतं! बोलतोय नीट. लघवी होतेय. आईला दाखवला कागद. ती म्हणाली, "उतरतोय म्हणजे?" आणि पहिल्यांदा आडवी झाली. मामांना उद्या सांगतो.

पण मग विडालनेही टायफॉइडच सांगितलं होतं ना? ती बरोबरच निघाली की.

काचपट्टी | गुरुवार, सकाळी 7:05

बंद पडलेलं घड्याळसुद्धा दिवसातून दोनदा बरोबर असतं.

मी मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये आहे, एकवीस वर्षं. विडाल ही 1896 सालची टेस्ट. जंतू दिसतो का हे ती बघतच नाही, शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेली प्रतिद्रव्यं मोजते. ती तयार व्हायला पहिला आठवडा जातो. तुमच्या भावाची टेस्ट तिसऱ्या दिवशी केली. त्या दिवशी जे 1:160 दिसलं ते या तापाचंच असेल असं छातीठोक सांगता येत नाही. आपल्या गावात पाणी कसं येतं ते सगळ्यांना माहितीये, धडधाकट माणसाच्या रक्तातही 1:80 सापडतो. आधी कधी होऊन गेलेला टायफॉइड, लस, दुसराच एखादा ताप, कशानेही आकडा वर जातो. दहा-पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा करून आकडा चौपट झाला तर त्याला काही अर्थ. दोनदा कोण करतं?

आता त्या दोन बाटल्या. सोलापुरात शंभर जणांना विचारलं तर नव्वद जणांनी ही बाटली बघितलेली नसेल, म्हणून सांगते. मोठ्या माणसाच्या बाटलीत साधारण 8 ते 10 मिली रक्त लागतं. लोक ओरडतात, "एवढं रक्त काढलं!" पण टायफॉइडमध्ये एक मिली रक्तात कधी कधी एखादाच जंतू असतो. दोन मिली काढलं तर हाती काहीच लागत नाही. दोन हातांतून दोन का? तर कातडीवरचे निरुपद्रवी जंतू सुईबरोबर आत गेले तर एका बाटलीत उगवतात, दोन्हीत तेच उगवणं अवघड. बाटली मशीनमध्ये ठेवतो. तिच्या बुडाला एक रंगीत चकती असते. जंतू वाढले की कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि चकती निळसर हिरव्याची पिवळी होते. मशीन दर दहा मिनिटांनी प्रत्येक बाटलीचं बूड तपासतं, रात्री तीनलासुद्धा. बीप वाजला की थेंबभर काढून काचपट्टीवर रंगवायचा. गुलाबी काड्या दिसल्या की वॉर्डला फोन. मग प्लेट, मग कुठलं औषध चालतं याची चाचणी. काही उगवलंच नाही तर पाच दिवस वाट बघून मगच निगेटिव्ह म्हणतो.

आणि कल्चरलाही मर्यादा आहेत. खरोखर टायफॉइड असलेल्या शंभरांपैकी साधारण निम्म्यांतच रक्तात जंतू उगवतो. आधी अँटिबायोटिक पोटात गेलं असेल तर त्याहून कमी. तुमचं नशीब जोरावर, चार दिवस गोळ्या खाऊनही उगवला.

मेडिकलवाला | गुरुवार, सकाळी 9:50

सगळे मिळून त्या गल्लीतल्या डॉक्टरला झोडपायच्या आधी माझंही ऐका. माझं दुकान विडी घरकुलच्या बाजूला आहे. विडी वळणाऱ्या बाईची एक दिवसाची मजुरी बुडली की घरातला हिशेब बिघडतो. ती डॉक्टरला म्हणते, "आजच्या आज उतरवा." कल्चरचे हजारभर रुपये ऐकून उठून जाते, विडाल दीड-दोनशेत होते आणि अर्ध्या तासात कागद हातात. कागद हातात असला की पेशंटला समाधान, डॉक्टरला आधार. उद्या त्याने "थांबू, बाटली भरू" म्हटलं तर ती पुढच्या दवाखान्यात जाणार.

माझ्याकडे दिवसातून दहा जण येतात. "ते तीन गोळ्यांचं पाकीट द्या." म्हणजे अझिथ्रोमायसिन. चिठ्ठी नाही. पाकिटावर लाल रेघ असते, चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही ती. मी नाही म्हटलं तर चार दुकानं पुढे जाऊन घेतो. सगळे देतात म्हणून मीही द्यायचो, खोटं कशाला बोलू. आता नाही देत. पहिल्या सहा महिन्यांत गिऱ्हाईक तुटलं, ते तुटलंच.

काचपट्टी | गुरुवार, सकाळी 10:20

तुमचं पटतं. माझा राग डॉक्टरवर नाही, 1:160 वर आहे. पण पैशाचंच बघायचं तर या धाग्यातल्या भावाचा हिशेब मांडा: विडाल, सलाईन, सुया, गोळ्या, एनएस1, दोन सीबीसी, बुडालेले सात दिवस. त्यात दोन बाटल्या निघाल्या असत्या. आणि सिव्हिलला कल्चर होतं, लोकांना तेवढं सांगा.

जुनीगिरणी | गुरुवार, दुपारी 1:12

वय 74. चिरंजीवांनी यादी दिली आहे त्यात क्लोरॅम्फेनिकॉल वाचले आणि थबकलो. आमच्या लहानपणी याला मुदतीचा ताप म्हणत. एकवीस दिवस अंथरूण. थोरल्या बहिणीला 1961 साली झाला होता तेव्हा पांढऱ्या-राखाडी कॅप्सूल आल्या होत्या, याच औषधाच्या. वडील गिरणीत जॉबर. अर्धा पगार त्यात गेला, पण पोरगी उठून बसली. नंतर हे औषध चालत नाही असे ऐकले. आता पुन्हा S कसे?

काचपट्टी | गुरुवार, दुपारी 2:40

काका, काय नेमकं पकडलंत! 1972 मध्ये केरळात कालिकतला टायफॉइडची साथ आली तिच्यातला जंतू क्लोरॅम्फेनिकॉलला दाद देईना. 1990 च्या सुमारास देशभर अँपिसिलिन आणि कोट्रायमोक्साझोल पण निकामी. मग सगळे सिप्रोफ्लॉक्सासिनकडे वळले. सुरुवातीला जादू, तीन-चार दिवसांत ताप गायब. आम्ही ती जादू सर्दी-खोकल्यालाही वापरली, जुलाबालाही वापरली. आता आमच्याकडे टायफॉइडच्या बहुतेक जंतूंपुढे सिप्रो R येतं, आणि ओफ्लॉक्सासिन त्याचंच भावंड. म्हणजे त्या जोडगोळीतलं अर्धं औषध भावाच्या जंतूने मोजलंच नसणार. मधल्या काळात क्लोरॅम्फेनिकॉल कुणी फारसं वापरलं नाही, आणि जुना विरोध सांभाळण्याची जंतूला गरज उरली नाही. तो पुष्कळसा विसरला.

पाकिस्तानात सिंधमध्ये 2016 पासून असा टायफॉइड आहे ज्याच्यावर सेफ्ट्रायाक्सोनही चालत नाही, तोंडाने घ्यायचं म्हणाल तर अझिथ्रोमायसिन तेवढं उरलंय. म्हणून त्या तीन गोळ्यांच्या पाकिटाचं नाव निघालं की माझं डोकं फिरतं.

पुण्यात_अडकलेला | गुरुवार, दुपारी 4:02

माझी वरची कमेंट मागे घेतो. पण एक शंका. व्हायरल ताप असला की अँटिबायोटिक देऊ नका असं डॉक्टर म्हणतात, मग व्हायरलला औषधच नाही का? नुसतं बघत बसायचं?

स्टेथो | गुरुवार, रात्री 10:48

कुठला व्हायरस त्यावर आहे. इन्फ्लुएन्झाला ओसेल्टामिविर आहे, पण पहिल्या दोन दिवसांत सुरू केलं तर खरा उपयोग, आणि ते दम लागणाऱ्यांना, गरोदर बायकांना, वयस्करांना. हर्पीसचा व्हायरस मेंदूत गेला, म्हणजे तापाबरोबर माणूस असंबद्ध बोलू लागला, फिट आली, तर असायक्लोविर ताबडतोब लावतात. पाठीतल्या पाण्याचा रिपोर्ट यायची वाट बघत नाहीत. त्या पाण्यावरूनही पुष्कळ कळतं. गढूळ, साखर घटलेली, न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) भरलेले, तर बॅक्टेरियाचा मेंदूज्वर. स्वच्छ, साखर ठीक, लिम्फोसाइट (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जास्त, तर बहुधा व्हायरस.

डेंगूवर मात्र व्हायरस मारणारं औषध नाही. तिथे खरा उपचार पाण्याचा हिशेब. आणि तिथली गंमत उलटी आहे, टायफॉइडमध्ये ताप हळूहळू उतरत गेला की चांगली खूण, डेंगूत ताप उतरला की जागं राहायचं. तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप खाली येतो आणि तेव्हाच रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपायला लागतं. हिमॅटोक्रिट (रक्ताचा घट्टपणा) वर, पेशी खाली, पोटात सतत दुखणं, थांबत नाहीत अशा उलट्या, हिरड्यांतून रक्त, गळून जाणं. यातलं काही दिसलं की घरी थांबायचं नाही. एनएस1 पहिल्या चार-पाच दिवसांत चांगली, नंतर आयजीएम (प्रतिद्रव्यांची टेस्ट). तुमच्या भावाची एनएस1 पाचव्या दिवशी झाली, तिने डेंगू अगदी नाकारला असं नव्हतं. आणि डेंगूची शंका असताना डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनची सुई-गोळी नको. "गुण येणारी" सुई बऱ्याचदा हीच असते.

हिप्परग्याचा_गणप्या | शुक्रवार, सकाळी 6:20

धागा वाचला म्हणून विचारतो, विषय सोडून आहे. आई 68, शुगर आहे. ताप नाही. काल रात्रीपासून मला बाबा म्हणून हाक मारतीये, बाबांना जाऊन बारा वर्षं झाली. श्वास जलद वाटतो. काल दिवसभरात एकदाच लघवीला गेली. उन्हाचं असेल का?

स्टेथो | शुक्रवार, सकाळी 6:26

आत्ता. इथे पुढे लिहू नका, रिक्षा नाही, 108 ला फोन करा. म्हाताऱ्या माणसाला गंभीर इन्फेक्शनमध्ये ताप येतोच असं नाही. भ्रम, जलद श्वास, लघवी कमी, हे सेप्सिस (इन्फेक्शनमुळे अख्खं शरीर कोलमडणं) असू शकतं. शुगर खाली गेल्यानेही भ्रम होतो, तिथे पोचताच बोटातून शुगर तपासायला सांगा. "कालपासून ओळखत नाही" हे पहिलं वाक्य सांगा.

बाळीवेशीतला | शुक्रवार, रात्री 9:15

गणप्या, काय झालं रे? दिवसभर डोक्यात आहे.

इकडचं सांगतो, काल 101.6, आज सर्वांत जास्त 100.8. आज दुपारी पोटात जरा दुखतंय म्हणाला, माझा तर जीवच गेला. मॅडमनी येऊन पोट दाबून बघितलं, मऊ आहे म्हणाल्या, गॅस. पण नर्सला दर चार तासांनी नाडी-बीपी लिहायला सांगितलं. एवढं कशाला?

स्टेथो | शुक्रवार, रात्री 10:30

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात लहान आतड्याच्या शेवटच्या भागात जखमा होतात, क्वचित भोक पडतं. अचानक जोराचं दुखणं, पोट लाकडासारखं कडक, नाडी पळायला लागणं, ताप एकदम खाली, असं झालं तर सर्जन. मॅडम तेच बघतायत. तुम्ही चांगल्या हातात आहात, मी नाव न विचारता सांगतो.

हिप्परग्याचा_गणप्या | शनिवार, दुपारी 3:10

आयसीयूत आहे. शुगर ठीक होती. लघवीचं इन्फेक्शन रक्तात गेलंय म्हणाले. बीपी 80 होतं पोचलो तेव्हा. रक्ताचं आणि लघवीचं कल्चर घेऊन लगेच अँटिबायोटिक लावलं, थांबले नाहीत. आज सकाळी मला नावाने हाक मारली आणि जेवलास का विचारलं. बाकी नंतर लिहितो.

शेंगाचटणी | शनिवार, दुपारी 3:14

🙏🙏 वाचून रडले बाई मी.

बाळीवेशीतला | रविवार, सकाळी 8:40

गणप्या, बरं वाटलं वाचून. भावाला काल दिवसभर ताप नाही. सहावा दिवस, डॉक्टरसाहेब! आत्ता कडक भाकरी आणि शेंगा चटणी मागतोय (ताई, तुमचं नाव नाही घेत). देऊ का? आजीचं म्हणणं टायफॉइडला भाकरी विष.

स्टेथो | रविवार, सकाळी 9:25

विष नाही, पण कडक पण नाही. ताजी ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून, मऊ भात, वरण, केळं, अंडं. थोडं थोडं, पाच-सहा वेळा. उपाशी ठेवायचे दिवस गेले. इंजेक्शनचा कोर्स मात्र मॅडम सांगतील तेवढे दिवस पूर्ण. ताप गेला म्हणून मध्येच सोडलं तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा उलटायची भीती.

जुनीगिरणी | रविवार, सकाळी 11:00

पाण्याबद्दल कोणीच बोलेना म्हणून लिहितो. चार-पाच दिवसाआड पाणी. नळ कोरडा असतो तेव्हा पाइपात ओढ तयार होते आणि फुटक्या जागेतून गटाराचे आत शिरते. पाणी सुटल्यावर पहिली दहा मिनिटे जे गढूळ येते ते पिण्याच्या हंड्यात भरू नये, नंतरचेही उकळून घ्यावे. आणि तेच पाणी पाच दिवस उघड्या बॅरलमध्ये, त्यात डेंगूचे डास. नुसते बॅरल रिकामे करून भागत नाही, कडेला अंडी चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात. काथ्याने घासावे लागते. मी घासतो, या वयात.

बाळीवेशीतला | मंगळवार, रात्री 8:05

आज घासलं काका, तिन्ही बॅरल. मॅडमनी माझ्या दोन वर्षांच्या मुलीला टायफॉइडची लस द्यायला सांगितलीये, सहा महिन्यांच्या बाळापासून चालते म्हणे. भावाला परवा घरी सोडतील.

आणखी एक. पहिल्या डॉक्टरांकडे कल्चरची झेरॉक्स घेऊन गेलो होतो. भांडायला नाही, पण मनात थोडं होतंच. बाहेर वीसेक पेशंट. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं, सिप्रोच्या R वर बोट ठेवून दोनदा वाचलं. मग घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि विचारलं, "ही बाटली कुठे मिळते?" मला माहीत नव्हतं.

काचपट्टी | मंगळवार, रात्री 8:50

लॅबकडून मिळते, बाटलीचे पैसे टेस्टमध्येच असतात. आमची असो नाहीतर दुसरी, फोन केला की माणूस देऊन जातो आणि भरलेली घेऊन जातो. त्यांना म्हणावं रक्त गोळ्या सुरू करायच्या आधी, आणि बाटली फ्रीजमध्ये ठेवायची नाही. भरायच्या आधीही नाही, भरल्यावर तर नाहीच नाही. सगळे ठेवतात.